मदत हवी आहे: फुफ्फुसात गाठ दिसलीय, निदान पक्कं नाही, कोड कुठला लावायचा?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलच्या एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) आहे, डिस्चार्ज झालेल्या फायली तपासायच्या आणि आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले, कोड टाकायचे हे माझं काम. कोर्स केला तो अमेरिकन कोडिंगचा, पुण्यात, आणि इथं वापरतो ते डब्ल्यूएचओचं पुस्तक, त्यामुळं दोन्हीकडचे नियम डोक्यात एकमेकांत मिसळतात. पोस्ट लांब आहे, पण प्लीज पूर्ण वाचा. पेशंटची ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.

पेशंट पन्नाशीतले, पॉवरलूमवर चादरी विणतात, पंचवीसेक वर्षं तेच काम, विडी ओढतात. दोन महिने खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेत शॅडो दिसली म्हणून ॲडमिट केलं. सीटीत उजव्या अप्पर लोबमध्ये (फुफ्फुसाच्या वरच्या भागात) १४ मिमीची एकच नोड्यूल (छोटी गाठ), कडा खरबरीत, कॅल्शियम नाही. थुंकीची सीबीनॅट (टीबीची तपासणी) निगेटिव्ह आली. बायोप्सी करायची ठरली पण घरचे म्हणाले आठवड्याभरात पैशाची सोय करून येतो, आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाला.

डॉक्टर सरांनी कार्डावर हातानं लिहिलं होतं, प्रश्नचिन्ह कॉक्स (म्हणजे टीबी), प्रश्नचिन्ह सीए लंग (फुफ्फुसाचा कॅन्सर). आमच्या सॉफ्टवेअरमधला निदानाचा रकाना ड्रॉपडाउनचा आहे, त्यात प्रश्नचिन्ह टाकायला जागाच नाही. एन्ट्री करणाऱ्यानं लिस्टमधलं सीए लंग निवडलं, सी ३४.९ हा कोड आपोआप बसला आणि प्रिंट निघाली.

ती प्रिंट त्यांच्या मुलीच्या हातात पडली. कॉलेजात शिकते, तिला कळलं. काउंटरला येऊन मला हळूच विचारते, "ताई, सीए म्हणजे कॅन्सरच ना? सर तर म्हणले अजून तपासायचंय." मामा, म्हणजे पेशंट, मागं बाकावर औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, तिला तेलुगूत विचारत होते काय लिहिलंय म्हणून, आणि ती उत्तरच देईना. मी प्रिंट परत घेतली, सांगितलं हे चुकून आलंय, सर जे बोललेत तेच खरं. सरांना विचारून दुसरी प्रिंट दिली. पण त्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यासमोरून हलंना.

आता मुद्दा असा की सिस्टीममध्ये कोड सी ३४.९ च आहे. क्लेमचं बघणारे म्हणतात राहू दे, पक्कं निदान असलं की टीपीए (विम्याचे क्लेम तपासणारी कंपनी) प्रश्न विचारत नाही. मला ते पटत नाही, जे डॉक्टरनं ठरवलेलंच नाही ते मी कसं ठरवू? मग आर ९१ (फुफ्फुसाच्या एक्स-रे, सीटीत काहीतरी वेगळं दिसलं, एवढंच सांगणारा कोड) लावू का? आमच्या पुस्तकात नुसतंच आर ९१ आहे, पुढं पॉइंट नाही, कोर्समध्ये मात्र आर ९१.१ शिकवलं होतं. का झेड ०३, संशयित आजारासाठी तपासणी, तो बसतो? आणि लूमवरचे आहेत तर बिसिनोसिसचा (कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) जे ६६.० पण टाकू का, असं एकजण सुचवतोय.

प्रतिसाद १ (हैदराबादहून, मूळ बार्शीचा)
आधी अमेरिकन बाजू सांगतो. आर ९१.१ म्हणजे एकटी नोड्यूल. एकापेक्षा जास्त असतील किंवा नुसतं मास, शॅडो, इन्फिल्ट्रेट लिहिलं असेल तर आर ९१.८. साधारण ३ सेंमीपर्यंत नोड्यूल म्हणतात, त्याच्या वर मास. आणि एक गैरसमज काढ, संशय कोड करायचा नाही हा तिथला नियम ओपीडीचा आहे. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला डॉक्टरनं प्रोबेबल किंवा सस्पेक्टेड लिहिलं असेल तर तिथंही तो आजार आहे असं धरूनच कोड लागतो. म्हणून डॉक्टरचे शब्द महत्त्वाचे. पण हे सगळं तिकडचं, तुझ्या फाईलला लावू नकोस.

प्रतिसाद २ (एमआरडीत २० वर्षं)
ताई, झेड ०३ नको. तो तपासून संशय फिटला, काही निघालं नाही, अशा केसला. इथं संशय कायम आहे.

डब्ल्यूएचओचा दुसरा खंड काढा आणि एमबी ५ हा नियम वाचा. डॉक्टरनं एखादं लक्षण लिहून ते अमुक किंवा तमुक आजारामुळं असेल असं म्हटलं, तर लक्षणाचा कोड मुख्य. पण नुसतेच दोन आजार पर्याय म्हणून लिहिले, तर पहिला लिहिलेला घ्यायचा. म्हणजे सरांनी लिहिलंय तसंच धरलं तर कॉक्स पहिलं, कोड जाईल ए १६ मध्ये, टीबीत! सी ३४ तर कुठूनच येत नाही. आणि टीबी २०१२ पासून नोटिफायेबल आहे, म्हणजे सरकारला कळवावाच लागतो, उद्या कोडवरून यादी काढली की निक्षयवर (टीबीच्या सरकारी पोर्टलवर) यांची नोंद का नाही म्हणून तुम्हालाच शोधत येतील.

म्हणून फाईल घेऊन सरांकडं जा. कोड सांगू नका, एवढंच विचारा की सर, डिस्चार्जच्या दिवशी तुमच्या मते पक्कं काय होतं? ते नोड्यूल म्हणतील. तेच तारीख घालून सही करून लिहून घ्या. मग आर ९१ सरळ बसतो, तीन अक्षरीच. जे ६६.० डॉक्टरनं लिहिल्याशिवाय अजिबात नको, धंद्यावरून आजार ठरत नाही. कामावरच्या धुळीची नोंद हवी तर झेड ५७.२ जादा कोड म्हणून आहे, तीसुद्धा केसपेपरवर असेल तरच.

प्रतिसाद ३ (छातीचे डॉक्टर)
चूक आमच्या लिहिण्याची आहे, मान्य करतो. घाईत प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतो. कुठल्या लोबमध्ये, किती मिमी, कडा कशा, कॅल्शियम आहे का, जुना एक्स-रे मिळाला का आणि त्यात ती होती का, विडी किती वर्षं, एवढं डिस्चार्ज समरीत यायलाच पाहिजे. ८ मिमीच्या वरच्या नोड्यूलला तीन महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यातलं काहीतरी बघावं असं फुफ्फुसातल्या गाठींसाठीच्या २०१७ च्या फ्लेशनर गाइडलाइनमध्ये आहे, आणि खरबरीत कडेची १४ मिमीची गाठ तर लांबवूच नये. कोड नीट कराच, पण ते मामा परत येतायत का ते आधी बघा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल राउंड संपल्यावर सरांना गाठलं. त्यांनी दोन मिनिटं कार्डाकडं बघितलं आणि लिहून दिलं, उजव्या अप्पर लोबमध्ये १४ मिमीची नोड्यूल, टीबी किंवा मॅलिग्नन्सीमुळं (कॅन्सरमुळं) असू शकते, बायोप्सी बाकी. सी ३४.९ काढून आर ९१ टाकला. क्लेमवाल्यांना सरांच्या सहीची कॉपी दिली, ते थोडे कुरकुरले पण घेतली. आयटीवाल्याला ड्रॉपडाउनखाली मोकळा रकाना मागितलाय, बघू म्हणलाय.

डॉक्टर, तुमचं वाचून आज सकाळी त्या मुलीला फोन केला. जुना एक्स-रे घरी गादीखाली सापडलाय म्हणली, चार वर्षांपूर्वीचा. सोमवारी मामांना आणि तो एक्स-रे घेऊन येतायत.