कमी खर्चातील होम थिएटर: स्पीकर आणि केबल कशी निवडावी?

प्रश्न: मर्यादित खर्चात ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा सबवूफर) होम थिएटर जुळवत आहे. स्पीकर ८ ओहमचे (ओहम हे विद्युत रोधाचे, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे एकक) असतील आणि मागच्या स्पीकरपर्यंतचे अंतर १० मीटर आहे. अधिक पैसे स्पीकरवर घालावेत की केबलवर?

उत्तर: निःसंशय स्पीकरवर, आणि त्यातही आधी मधल्या स्पीकरवर, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात; शिवाय तो डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतील असेल, तर पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत मध्येच बदलत नाही. केबल म्हणून १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरेशी आहे. जाऊन-येऊन २० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२३ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या ३ टक्क्यांच्या आसपास भरतो आणि तेवढा फरक कानाला जाणवत नाही.

उत्तर: सहमत आहे, मात्र तार खरोखर तांब्याची आहे ना, हे तपासून घ्या. मी आणलेल्या तारेचे टोक ब्लेडने खरवडताच तांबूस मुलाम्याखाली पांढुरके ॲल्युमिनियम दिसले. अशा तारेचा रोध तेवढ्याच जाडीला जवळपास दीडपट असतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मधला स्पीकर आधी ऐकून निवडतो.

उत्तर: जोडताना लाल-काळी टोके सर्वत्र सारखीच ठेवा. पुढच्या दोहोंपैकी एकाची उलटी लागली, तर खर्ज लक्षणीय क्षीण होतो आणि दोष मात्र स्पीकरला दिला जातो.