दिवाळीच्या तोंडावर कमी पैशात घर नवं करायचं तर भिंतीवर थ्रीडी शीट लावायचं की चुना मारायचा?

कपाशीवाला (दारव्हा)

आमच्या गावात सध्या बाजाराच्या दिवशी जो तो ते विटांच्या डिझाईनचं फोमचं थ्रीडी शीट घेऊन येऊन रायला. मागचा कागद काढायचा, भिंतीवर डकवायचं, दोन घंट्यात समोरची खोली नवी. दिसते चांगलं, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडची घरं म्हणजे मातीची भिंत, नाहीतर विटामातीच्या जोडाईवर वरून सिमेंटचा हात मारलेला, अशा भिंतीसाठी ती वस्तू नाही आन स्वस्त तर बिलकुलच नाही, असं माझं मत आहे. ज्याला पटत नसन त्यानं खुशाल वाद घालावा, मी उत्तर द्यायला आहे.

कारण सांगतो. पावसाळ्यात आपली भिंत खालून पाणी ओढते, जोत्यापासून हात-दीड हात वर ओल चढते, मग ऊन पडलं की ती ओल भिंतीतूनच बाहेर निघून जाते. तिच्यावर फोम डकवला की निघायचा रस्ता बंद. चुलतभावाकडे लावलेलं शीट आम्ही पोळा झाल्यावर काढलं. गोंदासोबत मातीचा पापुद्रा हातभर निघून आला, आत काळी बुरशी, उधईची (वाळवीची) मातीची नळी थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत गेलेली, कोपऱ्यात पालीची अंडी. चौकट सागाची, आजोबाच्या काळातली, बोट लावलं की आत जाते. आता आधी भिंत दुरुस्त करा, चौकट बदला आन मग रंग.

त्यापेक्षा कळीचा चुना, म्हणजे न भिजवलेले चुन्याचे खडे, आणा. आदल्या दिवशी लोखंडी ड्रमात भिजू घाला, प्लास्टिकच्या बादलीत नको, चुना खदखदतो आन बादली वितळते. लेकरं जवळ नको, डोळ्यात शिंतोडा गेला तर लय वाईट. दुसऱ्या दिवशी फडक्यानं गाळून घ्या, थोडा डिंक किंवा भाताची खळ, चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्यानं ओली करून घ्या आन पातळच मारा. ओला असताना काहीच दिसत नाही, माणूस घाबरून जाड हात मारते, तिथंच पोपडे धरतात. वाळता वाळता पांढरा फटफटीत येतो. दोन-तीन पातळ हात आन खाली जोत्याच्या अंगानं गेरूचा वीतभर पट्टा, बस.

सेवाग्रामले बापूकुटी पाहिली असन तुम्ही. मातीच्या भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं आहेत, गांधीजींच्या शिष्या मीराबेनच्या हातची. १९३६ नंतरचं काम आहे ते, विकत आणलेली एक वस्तू नाही त्याच्यात. सजावट म्हटली की मले तेच आठवते.

सासुरवाशीण (मोर्शीकडची)

भाऊ, बापूकुटी मी पण पाहिली, शाळेच्या सहलीत. सुंदरच आहे. पण तिथं देखभालीले संस्था आहे, माणसं आहेत. माझ्या घरी मी आहे.

मातीचं घर चांगलं ठेवायचं म्हणजे काय ते बाईले विचारा. आठ दिवसांनी सारवण, सणाले भिंतीले पोतारा (मातीचा हात), पावसात पडलेले भोकं बुजवा, गुडघे कामातून जातात, हाताले भेगा पडतात त्या वेगळ्या. पहिले घरी बैलजोडी होती तर शेण होतं, आता जोडी विकली, ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो, शेण दुसऱ्याच्या गोठ्यात मागायले जावं लागते. शीट लावलं आन ओल्या फडक्यानं पुसलं, झालं. तेवढा वेळ मले मिळते, तो वेळ तुमच्या हिशोबात कुठंच नाही.

आन अजून एक. आमच्या नणंदेले पाहायले पाहुणे येणार होते तेव्हा समोरच्या खोलीत शीट लावलं. सासूबाई दोन दिवस त्या भिंतीकडे पाहत बसल्या होत्या, म्हणे आपलं घर असं कधी दिसलंच नव्हतं. बुढ्या माणसाले एवढा आनंद झाला त्याले फालतू खर्च म्हणायचं का? २०२५-२६ ले सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले ५३२८ रुपये होता म्हणतात, हातात काय पडते ते तुमाले माहीत आहे. त्याच्यातून थोडकं काढून बाई घरासाठी काही आणते तर गावातले माणसं लगेच चुना अन् गेरू सांगायले येतात.

पुसदचा पोट्टा

वहिनी एकदम बरोबर बोलल्या. शहरातल्यानं वॉलपेपर लावला की इंटेरियर, आमी लावलं की पैसे पाण्यात? गावात राहतो म्हणून जन्मभर माती आन गेरूतच राहायचं काय? मी माझ्या खोलीत शीट पण लावलं आन एलईडी पट्टी पण, अभ्यासाले बसावं वाटते आता. आमचं घरकुल आहे, सिमेंटची भिंत, माती-बिती नाही.

कपाशीवाला (दारव्हा)

वहिनी, तुमच्या कष्टाबद्दल बोललात ते शंभर टक्के मान्य. पण मी जमीन सारवा असं कुठंच लिहिलं नाही, फरशी असन तर फरशी राहू द्या. मी भिंतीचं बोलून रायलो, आन चुना मारणं हे गड्याचं काम आहे असं माझं ठाम म्हणणं आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. घरच्या गड्यानं एक दिवस शिडीवर चढावं, त्याच्यात काय जाते.

पोट्ट्या, तुले एकच विचारतो. त्या शीटसमोर दिवाळीले पणती ठेवशीन का? फोम आहे तो, ठिणगीनं पेटते, वितळून खाली टपकते आन धूर काळा, घुसमटवणारा. आपल्याकडे देवळी (दिव्याचा कोनाडा) तिथंच, गॅस तिथंच, इस्त्री तिथंच. स्वयंपाकाच्या खोलीत तर कोणी फुकट दिलं तरी लावू नका.

रंगारी (हिंगणघाट)

वीस वर्षावर झाले हेच काम करतो, दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं राहून गेलं म्हणून लिहितो.

सगळ्या भिंतीले चुना चालत नाही. आधी ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन मारलेलं असन तर चुना धरतच नाही, वाळला की पावडर होऊन कपड्याले लागते. तो रंग पूर्ण खरवडून काढावा लागते, मजुरी त्यातच जाते. तशा भिंतीले डिस्टेंपरच बरं. आन मातीच्या भिंतीवर वॉल पुट्टी, ती तर बिलकुल नको. पुट्टी कडक, माती नरम, माती हालली की पुट्टी चादरीसारखी सुटते. गिऱ्हाईक ऐकत नाही, गुळगुळीत पाहिजे म्हणते, मग पुढच्या श्रावणात मलेच फोन.

घरकुलवाल्या भावासाठी: तुझी भिंत सिमेंटची आहे पण नवी आहे ना. घरकुलाचे जे सरकारी पैसे येतात, त्यात लोक कसंबसं प्लास्टर उरकतात, पाणी पुरतं मारत नाहीत आन वाळायच्या आधीच ऑइल पेंट नाहीतर शीट. नव्या प्लास्टरले पहिलं वर्ष चुनाच मारा, त्याच्यातून पाणी निघून जाते. पांढरा फुलोरा येतो भिंतीवर, मिठासारखा, तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की परत आत जाते आन परत बाहेर येते. दुसऱ्या वर्षी मग जे पाहिजे ते.

रंगीत चुना पाहिजे असन तर गेरू, पिवडी असे मातीचेच रंग टाका. बाजारातल्या कच्च्या रंगाच्या पुड्या चुन्यात उडून जातात, गुलाबी मारलेली खोली मळकट होऊन बसते. शेणाचा प्राकृतिक पेंट पण आहे, खादी ग्रामोद्योगवाल्यांचा, १२ जानेवारी २०२१ ले गडकरी साहेबांच्या हातून निघाला, तेव्हा डिस्टेंपर १२० रुपये लिटर आन इमल्शन २२५ होतं. वास येत नाही त्याले, लोक उगाच घाबरतात. ज्यांच्या हाताले चुना सोसत नाही त्यायनं तो पाहावा.

मास्तरीण (भाड्याच्या खोलीतून)

मला या दोन्ही बाजू जमत नाहीत कारण घर माझं नाही. घरमालक काकू खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, चुना आणि शीट तर दूरच. माझ्यासारखे नोकरीनिमित्त गावात खोली करून राहणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहिते.

सगळ्यात जास्त फरक मला पडद्यानं पडला. आईच्या जुन्या सुती पातळाचे दोन तुकडे, काठ खाली येतील असे शिवले, पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी. दुपारचं ऊन अडतं आणि तो जांभळा काठ संध्याकाळी इतका छान दिसतो की बाकी खोलीत काही नसलं तरी चालतं. नायलॉनची साडी नको, ती उन्हात विरते आणि गॅसजवळ धोक्याची. दिवाणावर आजीची वाकळ, झाकून पेटीत ठेवायची नाही, वरच टाकायची, तिच्यावरचे टाके दिसले पाहिजेत. आणि छताच्या पांढऱ्याशार बल्बऐवजी कोपऱ्यात एक पिवळसर एलईडी.

मनीप्लांट बाटलीत ठेवत असाल तर पाणी आठ दिवसांच्या आत बदला हो, आमच्या शाळेत डासाच्या अळ्या दाखवायला मला बाहेरून काही आणावं लागलं नाही, वर्गातल्याच बाटलीत होत्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात होतो.

झाडीवाला (सिंदेवाही)

बांबूचं कोणीच कायले नाही बोललं जी? आमच्याकडे चंद्रपूरजवळ चिचपल्लीले बांबूचं ट्रेनिंग सेंटर आहे, शोभेच्या वस्तू शिकवतात, पण तेवढं लांब जायची गरज नाही. गावातल्या बुरडाकडून, म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणाऱ्याकडून, एक टोपली घ्या, विरळ विणीची सांगा, उलटी करून बल्बवर टांगा. रातच्याले भिंतीवर जी जाळी पडते ती पाहा. बल्ब एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापते आन बांबू करपते. खिडकीले वाळ्याच्या ताटीऐवजी बांबूची ताटी लावली तरी उन्हाळ्यात डोळ्याले आराम आहे, आमच्या ब्रह्मपुरीकडचा मे महिना तुमाले माहीतच असन.

एक सांभाळा. हिरव्या बांबूची वस्तू लगेच घेऊ नका, भुंगा लागते, सकाळी खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसते. बांबू वाहत्या पाण्यात पंधरा-वीस दिवस बुडवून मग सावलीत वाळवलेला पाहिजे. बुरडाले विचारा, तो खरं सांगते. त्याचे पैसे कमी करू नका, पैसा गावातच राहते.

सासुरवाशीण (मोर्शीकडची)

ताईंचं पातळाचं मस्त वाटलं, मी करीन. बांबूचं पण. पण कपाशीवाले भाऊ, चुना गड्यानं मारावा हे लिहायले सोपं आहे. आमच्या घरी गडी दिवाळीच्या आधी सोयाबीन काढण्यात अन् कापूस वेचणीच्या धावपळीत, त्यायले घराकडे पाहायले वेळ नाही अन् मी पण वेचणीलेच जाते. शेवटी चुना मीच भिजवणार, मीच मारणार, हाताची आग मीच सोसणार. सगळ्याच घरात तुमच्यासारखा माणूस नाही. म्हणून मी शीट लावणार, फक्त देवळीच्या अन् गॅसच्या भिंतीले नाही लावणार, ते आगीचं पटलं मले.

कपाशीवाला (दारव्हा)

वहिनी, वेचणीची गोष्ट खरी आहे. मग दिवाळीचा आग्रह सोडा. चुना मार्चमध्ये मारा, होळी झाल्यावर, तेव्हा शेत रिकामं, घरातला गडी रिकामा, भिंत पण कोरडी ठणठणीत. आन उरलेला चुना स्लॅबवर नाहीतर टीनावर ओता, पांढऱ्या छतानं ऊन परत फेकते, आतमध्ये फरक जाणवते. शीटनं उन्हाळ्यात काही होत नाही.

सासुरवाशीण (मोर्शीकडची)

टीनावरचा चुना पाहुण्यायले दिसत नाही भाऊ. मार्चमध्ये मारू, पण दिवाळीले समोरची खोली चांगली दिसली पाहिजे, त्याच्यावर मी मागे हटत नाही.

रंगारी (हिंगणघाट)

ताई, लावायचंच आहे तर असं करा. शीट भिंतीले डकवू नका. जुन्या पलंगाची, कपाटाची प्लाय असते घरात पडलेली, तिच्यावर डकवा आन प्लायच्या मागे दोन लाकडी पट्ट्या ठोका, बोटभर जाडीच्या. वरून दोन खिळ्यायले अडकवा, जमिनीपासून हातभर वर राहू द्या. मागून हवा फिरते, ओल बसत नाही, आन आषाढ लागला की पूर्ण फळी काढून माळ्यावर ठेवता येते. बाहेरच्या भिंतीले नाही, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीले. ती वरच्या पावसानं भिजत नाही.

कपाशीवाला (दारव्हा)

फळीवर असन तर भिंतीचं नुकसान नाही, तेवढं मान्य. आगीचं माझं म्हणणं कायम आहे, पणती त्या खोलीत नको. रंगारी भाऊ, मातीच्या भिंतीत खिळा राहत नाही, तिथं काय करायचं?

रंगारी (हिंगणघाट)

खिळा नाही, खुंटी. बाभळीची, वीतभर लांब, तिरपी ठोकायची, तोंड वर. भोक आधी ओलं करून घ्या नाहीतर ढेकूळ निघते.