केगमधली बिअर बाटलीत भरताना ‘उतू जाते’ की ‘फसफसते’?

प्रश्न (इंदूरहून)
माझा भाचा सिअ‍ॅटलला असतो, घरी बिअर करतो. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला केंद्राकडून मोकळीक मिळाली. आपल्या मध्य प्रदेशात अबकारी परवान्याशिवाय ते चालत नाही, त्यामुळे इथे कोणी करून बघावं म्हणून हे विचारत नाहीये. तिथल्या मराठी मित्रांसाठी तो सगळी कृती मराठीत लिहितोय आणि शब्दांसाठी मला फोन करतो. आमची मराठी इंदुरी. घरात फेसाला सर्रास झाग म्हणतात, झाकणाला ढक्कन. त्याचं वाक्य असं आहे: ‘केगमधून बाटलीत ओतताना बिअर उतू जाते.’ (केग म्हणजे दाबाखाली बिअर ठेवायचं बंद भांडं.) मला ते खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय केगला पिंप म्हणावं का? आणि बिअरमध्ये गॅस भरतात, त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. उतू जातं ते दूध, आच लागल्यावर. ‘उतणार नाही, मातणार नाही’ यातही आपली मर्यादा ओलांडून बाहेर येणं आहे. बिअरला कोणी आच दिलेली नसते. केगमध्ये ती दाबाखाली असते, बाटलीत आली की दाब एकदम जातो आणि आत धरून ठेवलेला वायू सुटतो. हे फसफसणं. बाटली कोमट असली किंवा आतून खरखरीत, मळकट राहिली की जास्तच फसफसते, कारण प्रत्येक ओरखड्यापाशी बुडबुडा धरतो. क्रियापद नीट असलं की वाचणाऱ्याला उपायही कळतो. ‘उतू जाते’ वाचून माणूस बाटली थोडी रिकामी ठेवेल. ‘फसफसते’ वाचून ती आधी थंड करेल.

प्रतिसाद
गॅससाठी मी ‘मुरवणे’ सुचवतो. मीठ पाण्यात विरघळतं, चार वेळा ढवळलं की झालं. केगमध्ये तसं होत नाही. साधारण ३-४ अंश सेल्सिअसला १०-१२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब लावून केग आठवडाभर तसाच ठेवतात, मग वायू हळूहळू आत जातो. लोणचं मुरतं तसं. जिरणं मात्र नको. जिरलेलं परत वर येत नाही, आणि इथे तर ते ग्लासात वर यायलाच हवं.

आणखी एक. तुमच्या भाच्याने कुठे ‘बिअर गाळणे’ लिहिलं असेल तर आधी ते काढायला सांगा. दारू गाळतात ती भट्टीवर, वाफ करून थंडाव्याने परत उतरवतात. बिअरला भट्टी नाही, ती आंबवतात. तेही ‘आंबवली’ असं लिहावं, ‘आंबली’ नको. इडलीचं पीठ आंबलं तर आपण खूश, भाजी आंबली तर फेकतो. बिअर ‘आंबली’ म्हटलं की कोणीही ती नासली असंच समजेल. किण्वन हा शब्द पाठ्यपुस्तकात चांगला आहे. त्यातला किण्व जुनाच आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात येतो. पण कृती सांगताना आंबवणेच बोलीतलं.

प्रतिसाद
पिंप नको. शब्द आपलाच झालेला आहे, पोर्तुगीजांकडून आला तरी. पण पिंप म्हटलं की मोरीतलं पाण्याचं पिंप दिसतं: वर तोंड उघडं, तांब्या बुडवून पाणी काढायचं. केग बंद असतो, दाब धरतो, आणि घरी वापरतात तो जेमतेम १९ लिटरचा. केगला केगच म्हणा. तळाला बसतं त्याला मात्र साका म्हणा, ‘गाळ’ वाचलं की नदी आठवते.

मूळ प्रश्नकर्ती
भाच्याने हे सगळं वाचून नवा मजकूर पाठवलाय, बघा:
‘केग आणि बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवा. केगमधला दाब २-३ पीएसआयपर्यंत कमी करा. नळी बाटलीच्या तळाशी न्या. आधी थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवा बाहेर काढा, मग बिअर संथ भरा. फेस गळ्याशी आला की बूच मारा.’

प्रतिसाद
छान उतरलंय, दोन जागा सोडून. ‘दाब कमी करा’ वाचून लोक नुसता रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवायची चावी) मागे फिरवतील. त्याने केगच्या आतला दाब जात नाही, तो बिअरच्या डोक्यावर तसाच बसलेला असतो. म्हणून ‘गॅसचा पुरवठा बंद करून आतला दाब सोडा आणि मग रेग्युलेटर २-३ वर लावा’ असं लिहा. सोडणे हे क्रियापद तिथे हवंच. दुसरं, बूच म्हणजे बाटलीच्या तोंडात खुपसायचं ते. इथे पत्र्याचं दातेरी झाकण आहे, ते यंत्राने दाबून बसवतात. आणि ‘फेस आला की झाकण बसवा’ एवढ्याने भागणार नाही, ‘फेसावरच झाकण बसवा’ असं हवं. फेस ओसरेपर्यंत थांबलं तर तेवढ्या जागेत हवा शिरते, आणि त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे थोड्याच दिवसांत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.