वानखेडेवरील गोलंदाजी : शिकणाऱ्या मुलीला नेमके काय दाखवावे?

ठाणेकर_काका

नमस्कार. माझी 15 वर्षांची पुतणी डावखुरी फिरकी गोलंदाजी करते. तिचे पेपर नुकतेच संपले असून सुट्टीत तिला जुन्या सामन्यांची चित्रणे दाखवावीत, असे माझ्या मनात आहे. तिची अडचण अशी की मॅटवर तिला सहज बळी मिळतात, पण खऱ्या खेळपट्टीवर तिचा चेंडू हवेत इतका रेंगाळतो की फलंदाज आरामात मागे जाऊन तो कट करतात. प्रशिक्षकांनी तिला चेंडू जरा वेगाने सोडायला सांगितले, तर तिचा चेंडू वळणेच थांबले.

पुढील हंगामात तिला मुंबईच्या लाल मातीवर खेळायचे असल्यामुळे मी वानखेडे हे एकच मैदान निवडले आहे. सर्वोत्तम आकड्यांची यादी कुठेही मिळते, ती मला नको आहे. कोणती कामगिरी पाहावी, कोणत्या क्रमाने पाहावी आणि पाहताना नजर कशावर ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. केवळ बळींची क्षणचित्रे पुरतील की पूर्ण सत्रे पाहायला हवीत, हेही सांगावे.

सिलीपॉइंट

आपल्या पुतणीची अडचण वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिले नाव माँटी पानेसरचे आले. नोव्हेंबर 2012 मध्ये इंग्लंडने येथे भारताला 10 गडी राखून हरवले, त्या कसोटीत त्याने 129 धावांत 5 आणि 81 धावांत 6 असे एकूण 11 बळी घेतले. दुसऱ्या टोकाला ग्रॅम स्वानने प्रत्येक डावात 4 बळी घेतल्यामुळे भारताच्या 20 बळींपैकी 19 या दोघांच्या नावावर आहेत.

वानखेडेची लाल माती चेंडूला वळण देते, पण तिची खरी देणगी म्हणजे उसळी. हळू येणारा चेंडू वळला तरी फलंदाजाला टप्पा पाहून मागे जायला वेळ मिळतो. तोच चेंडू तितक्याच फिरक्यांसह जरा वेगाने आला, की फलंदाज खेळायचे ठरवीपर्यंत तो बॅटच्या वरच्या भागावर किंवा ग्लोव्हवर येऊन पोहोचतो. पानेसरची चेंडू सोडण्याची गती मुळातच जास्त होती आणि ती मिळवण्यासाठी त्याने बोटांचे काम कमी केले नव्हते. आपल्या पुतणीचा वेग वाढताच वळण नाहीसे होते, याचा अर्थ वेग आणताना ती चेंडू फिरवण्याऐवजी ढकलत असावी, अशी मला शंका आहे. त्यामुळे पानेसर पाहताना टप्प्याकडे नंतर पाहावे. आधी त्याचा पुढचा पाय जमिनीवर पडल्यानंतर खांदा आणि कंबर कशी पूर्ण वळते, तेवढेच दोन-तीन षटके पाहावे. वेग तेथून येतो. मनगट आणि बोटे फिरवण्याच्या कामासाठी मोकळी राहतात.

पहिल्या डावात सचिन तेंडुलकरला त्याने 8 धावांवर त्रिफळाचीत केले, तो चेंडू तिला वारंवार दाखवावा. टप्पा पडल्यावर चेंडू बॅटची बाहेरची कड चुकवून ऑफ स्टंपवर गेला. दुसऱ्या डावात तेंडुलकर पुन्हा 8 धावांवरच पानेसरच्या गोलंदाजीवर पायचीत झाला. हे दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर वळणाऱ्या चेंडूच्या धाकामुळे सरळ राहणारा चेंडू किती घातक होतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गलीतला_झेल

सिलीपॉइंट यांच्याशी मी सहमत आहे, तरीही मनोरंजनासाठी का होईना, 2004 मधील मायकल क्लार्कचे 9 धावांत 6 बळी या यादीत असावेत, असे वाटते. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज, तोही याच मैदानावर, आणि अवघी 6.2 षटके. मुलीला हुरूप येईल.

शिवाजी_पार्कचा_सभासद

गलीतला_झेल यांच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. क्लार्क हा कामचलाऊ फिरकी गोलंदाज होता आणि त्या खेळपट्टीवर तिसऱ्या दिवशी चेंडू काय करील, हे कोणालाच सांगता येत नव्हते. 107 धावांचे लक्ष्य असताना ऑस्ट्रेलियाचा डाव 93 धावांत आटोपला आणि भारत 13 धावांनी जिंकला, यावरून खेळपट्टीची कल्पना यावी. शिकणाऱ्या मुलीने क्लार्कचे आकडे पाहून 'इतके सोपे असते' असा समज करून घेतला, तर तिचा पूर्ण हंगाम वाया जाईल. त्याच सामन्यात शिकण्याजोगी गोलंदाजी मुरली कार्तिकची होती. त्याने 44 धावांत 4 आणि 32 धावांत 3 बळी घेतले आणि सामनावीराचा किताबही त्यालाच मिळाला. दुसऱ्या डावात हरभजनसिंगने 29 धावांत 5 बळी घेतल्यामुळे लोकांच्या लक्षात हरभजन राहिला. कार्तिकने पुढे 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्याच एकदिवसीय सामन्यात येथे 10 षटकांत 27 धावा देऊन 6 बळी घेतले. खेळपट्टी फिरकीची पूर्ण गुलाम असताना आणि नसताना तोच गोलंदाज कसा टाकतो, याची तुलना करण्याची अशी संधी क्वचित मिळते.

आता थोडे जुन्या काळाविषयी. 1981 च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचा धावफलक मुलीला समोर बसवून वाचायला द्यावा. पहिल्या डावात दिलीप दोशीने 39 धावांत 5 बळी घेऊन इंग्लंडला 166 धावांवर रोखले. मग 241 धावांचा पाठलाग करताना इंग्लंडचा डाव 102 धावांत संपला आणि या वेळी 10 पैकी 10 बळी कपिलदेव आणि मदनलाल यांनी प्रत्येकी 5 असे वाटून घेतले. मदनलालने तर केवळ 23 धावा दिल्या. सहा कसोटींच्या त्या मालिकेत निकाल लागला तो याच एका सामन्याचा. वानखेडे म्हणजे फिरकीचे माहेर, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा फलक अवश्य पाहावा.

त्याआधी फेब्रुवारी 1980 मध्ये इयन बॉथमने 58 धावांत 6 आणि 48 धावांत 7 बळी घेतले, शिवाय 114 धावाही केल्या. पुरुषांच्या कसोटीत एकाच सामन्यात शतक आणि 10 बळी ही पहिलीच वेळ. (महिलांच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सनने हे 1958 मध्येच करून ठेवले होते, हे आपल्या पुतणीला सांगायला हरकत नाही.) मला मात्र त्या सामन्यात यष्टिरक्षक बॉब टेलरने घेतलेले 10 झेल अधिक बोलके वाटतात. त्यांतले बहुतेक बॉथमच्याच गोलंदाजीवरचे होते. कोणताही जुना धावफलक वाचताना बळी कोणी घेतले यासोबत ते कसे पडले, हे पाहण्याची सवय लावावी. यष्टीमागे आणि स्लिपमध्ये झेल जास्त असतील, तर चेंडू उसळत आणि हातापर्यंत पोहोचत होता. पायचीत आणि त्रिफळाचीत जास्त असतील, तर तो बहुधा खाली राहत होता.

1988 मध्ये रिचर्ड हॅडलीने येथे 49 धावांत 6 आणि 39 धावांत 4 बळी घेतले आणि जॉन ब्रेसवेलच्या ऑफस्पिनने दुसऱ्या डावात 51 धावांत 6 बळी घेऊन साथ दिली. त्यानंतर भारतात कसोटी जिंकायला न्यूझीलंडला 2024 उजाडावे लागले.

ऑकलंडवासी

न्यूझीलंडचा विषय निघालाच आहे, तर एजाज पटेलविषयी सविस्तर लिहितो. तो मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी कुटुंबासह न्यूझीलंडला आला आणि वयाच्या विशीपर्यंत वेगवान गोलंदाजी करत होता. उंची पुरेशी न वाढल्यामुळे तो फिरकीकडे वळला. 15 व्या वर्षी आपली गोलंदाजी बिघडली, असे वाटणाऱ्या मुलीला ही माहिती उपयोगी पडावी.

डिसेंबर 2021 मध्ये त्याने 47.5 षटकांत 119 धावा देऊन डावातील सर्व 10 बळी घेतले. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांनी हा पराक्रम आपापल्या देशात केला होता. परदेशात तो करणारा एजाज एकटाच आहे. पण हा डाव पाहताना 10 या आकड्याचे दडपण बाजूला ठेवावे लागते. पहिल्या दिवशी भारत बिनबाद 80 वरून 3 बाद 80 झाला, ते तीन बळी सगळ्यांनी पाहिले आहेत. शुभमन गिल स्लिपमध्ये झेलबाद झाला, चेतेश्वर पुजारा त्रिफळाचीत आणि विराट कोहली पायचीत, दोघेही शून्यावर. मयंक अग्रवाल मात्र 150 धावा करून गेला. एजाजने त्याला दुसऱ्या दिवशी यष्टीमागे झेलबाद केले, पण त्याआधी अग्रवालने त्याला पुढे येऊन मारले तेव्हा त्याने पुढचा चेंडू कुठे टाकला, हे पाहणे हाच खरा अभ्यास आहे. त्याचा टप्पा फारसा हलत नाही. मार बसला म्हणून तो आखूड टाकत नाही, आणि बळी मिळाला म्हणून लगेच काही वेगळे करून पाहायलाही जात नाही. आपल्या पुतणीचे चेंडू कट होतात, म्हणजे कुठे तरी टप्पा आखूड पडत असणार. तिने हा डाव त्या एकाच दृष्टीने पाहावा.

त्या सामन्यात त्याने एकूण 14 बळी घेतले, तरीही न्यूझीलंडचा पहिला डाव 62 धावांत गडगडल्यामुळे भारत 372 धावांनी जिंकला. (रविचंद्रन अश्विनचे 8 धावांत 4 बळी त्या गडबडीत विसरले जातात.)

नोव्हेंबर 2024 मधील त्याची वानखेडेवरील दुसरी कसोटी मी याहून वर ठेवीन. 147 धावांचे लक्ष्य असताना भारत 5 बाद 29 झाला आणि अखेर 25 धावांनी हरला. त्या डावात एजाजने 57 धावांत 6 बळी घेतले. गिलने वळेल या अपेक्षेने सोडलेला चेंडू सरळ आला आणि यष्टीवर गेला. सिलीपॉइंट यांनी तेंडुलकरच्या दोन चेंडूंबाबत जे सांगितले, तेच येथे एका चेंडूत दिसते. त्याच सामन्यात रवींद्र जडेजाने दोन्ही डावांत 5-5 बळी घेतले आणि एजाजने 11, म्हणजे दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांचे मिळून 21 बळी. जडेजा हवेत वेगवान आणि सपाट, एजाज त्या मानाने चेंडूला हवेत उंची देणारा. एकच खेळपट्टी, तेच तीन दिवस आणि दोन वेगळे मार्ग. पुतणीला आपला मार्ग निवडायचा असेल, तर यापेक्षा चांगला सामना मला सुचत नाही.

ठाणेकर_काका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ढकलणे आणि फिरवणे यांतला फरक मी प्रशिक्षकांच्या कानावर घातला असून त्यांनाही शंका रास्त वाटली. दोन गोष्टी राहिल्या. वानखेडेवर महिलांच्या सामन्यांत पाहण्याजोगी फिरकी गोलंदाजी कोणती? आणि क्षणचित्रांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

नांदेडकर_ऑफस्पिन

डिसेंबर 2023 मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धची महिला कसोटी अवश्य दाखवावी. भारतीय महिलांनी कसोटीत ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले ते तेव्हा, वानखेडेवर, 8 गडी राखून. स्नेह राणाने 56 धावांत 3 आणि 63 धावांत 4 बळी घेतले आणि तीच सामनावीर ठरली. ती ऑफस्पिनर असली, तरी तिच्या चेंडूचा वेग आणि हवेतली उंची आपल्या पुतणीच्या आवाक्यातली आहे. पानेसरसारखा हवेतला वेग 15 वर्षांच्या मुलीला लगेच साधणार नाही, त्यामुळे मी तरी राणापासूनच सुरुवात करीन. दीप्ती शर्माचे 7 धावांत 5 बळी त्याच महिन्यातले, पण ते नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावरचे, म्हणून आपल्या अटीत बसत नाहीत.

प्रग्यान ओझाचे नाव अद्याप कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. 2013 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने 40 धावांत 5 आणि 49 धावांत 5 बळी घेतले आणि सामनावीर झाला. पण ती तेंडुलकरची दोनशेवी आणि अखेरची कसोटी असल्यामुळे कॅमेराही गोलंदाजाकडे फारसा वळला नसेल. ओझाचीही ती शेवटचीच कसोटी ठरली. त्याची कृती साधी, डौलदार आणि अनुकरणाला सोपी आहे.

सिलीपॉइंट

राणापासून सुरुवात करण्याची सूचना मला मान्य आहे. पानेसर दुसऱ्या क्रमांकावर गेला तरी चालेल.

क्षणचित्रांबाबत सांगायचे, तर फिरकीसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण त्यांत बळीचा चेंडू असतो आणि त्याची तयारी करणारे आधीचे चेंडू कापलेले असतात. प्रत्येक बळीआधीची किमान दोन षटके पाहावीत आणि दर चेंडूनंतर चित्रण थांबवून तिला विचारावे की क्षेत्ररक्षण बदलले का आणि पुढचा चेंडू ती स्वतः कुठे टाकील. उत्तर ऐकल्यावरच चित्रण पुढे सोडावे. गोलंदाजाच्या पाठीमागून घेतलेला कोन असेल तेवढाच उपयोगाचा. बाजूचा कोन टप्पा दाखवतो, वळण दाखवत नाही.

वेगवान गोलंदाजीला मात्र हा नियम लागू नाही. मोहम्मद शमीचे 2023 च्या विश्वचषकातील श्रीलंकेविरुद्धचे 18 धावांत 5 आणि उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्धचे 57 धावांत 7 बळी क्षणचित्रांतही पूर्ण आनंद देतात. उभी सीम (चेंडूची शिवण), हातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंत न डगमगणारी, हे एका चेंडूतही दिसते. दोन्ही सामन्यांत भारताने नंतर गोलंदाजी केली होती आणि त्या स्पर्धेत येथे दिव्यांच्या प्रकाशात नवा चेंडू चांगलाच हलत होता. ऑस्ट्रेलियाची अफगाणिस्तानविरुद्ध 7 बाद 91 अशी अवस्था झाली, तीही दुसऱ्या डावातच. पुतणीच्या संघात नव्या चेंडूने टाकणारी एखादी मैत्रीण असेल, तर शमीसाठी एक संध्याकाळ तिलाही बोलावून घ्यावे.