पाणी न देणाऱ्या सरकारपुढे ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द वापरावा का?

प्रश्न – पाणवठा

आमच्या वस्तीत गेली तीन वर्षे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, आणि तेही पहाटे, ठरलेली वेळ न पाळता. या काळात मी अकरा अर्ज दिले. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आहे. उत्तरे तीनच आली आणि तिन्हींत एकच वाक्य होते: ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील उचित कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे.’ बदलले होते ते फक्त जावक क्रमांक आणि दिनांक.

परवाच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी असे मांडले की, जे सरकार प्यायला पाणी देऊ शकत नाही त्याला आमच्यावर राज्य करण्याचा अधिकार उरत नाही, तेव्हा वस्तीने ठराव करून स्वयंनिर्णयाचा, म्हणजे आपला कारभार कोणी व कसा चालवावा हे स्वतः ठरवण्याचा, हक्क जाहीर करावा. सर्वांनी ते उचलून धरले आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी कायद्याचा अभ्यासक नाही. सार्वजनिक सेवा न मिळणे हे स्वयंनिर्णयाच्या मागणीला पुरेसे कारण ठरते का? एकट्या नागरिकाला किंवा एका वस्तीला हा हक्क सांगता येतो का? लोकांचा संताप मला अगदी रास्त वाटतो. पण या एका शब्दामुळे आमची मूळ मागणीच मागे पडेल, अशी धास्तीही वाटते.

उत्तर – कलमबहाद्दर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये मानवी हक्कांविषयीचे दोन आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले आणि दोन्हींच्या पहिल्याच कलमात स्वयंनिर्णयाचा हक्क नोंदवला; मात्र तो ‘सर्व लोकसमूहांना’ दिला आहे, व्यक्तीला नव्हे. हा फरक केवळ शाब्दिक नाही. कॅनडातील ल्युबिकॉन लेक या आदिवासी समूहाच्या प्रमुखांनी, आपल्या परंपरागत भूमीवर तेल आणि वायूचे उत्खनन होऊ दिल्याबद्दल, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे स्वयंनिर्णयाच्या कलमाखाली दाद मागितली होती. समितीने १९९० मध्ये सांगितले की, वैयक्तिक तक्रारीच्या मार्गाने या कलमाचा भंग मांडता येत नाही. तरीही तक्रार फेटाळली गेली नाही. अल्पसंख्याकांच्या संस्कृतीला संरक्षण देणाऱ्या सत्ताविसाव्या कलमाचा भंग झाल्याचे समितीने मान्य केले. एका दाराने जे मिळाले नाही ते दुसऱ्या दाराने काही अंशी मिळाले, म्हणून दार निवडताना घाई करू नये.

आता पहिला प्रश्न. ऑलंड बेटांवरील स्वीडिश भाषकांना फिनलंड सोडून स्वीडनमध्ये जायचे होते. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, बेटे फिनलंडकडेच ठेवली आणि त्यांना स्वायत्ततेची व भाषेची हमी मिळवून दिली. राष्ट्रसंघाने नेमलेल्या चौकशी मंडळाचे म्हणणे असे होते की, न्याय्य हमी देण्याची इच्छा किंवा कुवत राज्यसंस्थेकडे नसेल, तरच वेगळे होण्याचा अगदी अखेरचा उपाय विचारात घ्यावा. वेगळे होण्याची मागणी असलेल्या क्वेबेक प्रांतासंबंधी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेले मत याच दिशेचे आहे: स्वयंनिर्णय सामान्यतः राज्याच्या आत राहूनच साधायचा असतो, आणि बाहेर पडण्याचा प्रश्न वसाहतीत, परकीय जोखडाखाली, किंवा फार तर एखाद्या समूहाला कारभारात अर्थपूर्ण वाटाच नाकारला गेला असेल तेथे उद्भवतो.

हे निकष पाहता केवळ नळ कोरडा असणे तेथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय तुमची धास्ती योग्य आहे. मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहून देत आलो आहे आणि असा शब्द दिसताच पाण्याची फाइल बाजूला पडून अर्जदारांच्या हेतूचीच चौकशी सुरू झालेली पाहिली आहे.

उत्तर – ओलावा

वरील विवेचन मला मान्य आहे, पण ते वाचून तुम्ही खचून जाऊ नये, म्हणून सेवांच्या हक्काची बाजू सविस्तर मांडते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०१० मध्ये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. अशा ठरावाने नळाला पाणी येत नाही, हे उघड आहे. ते काम देशोदेशीच्या सामान्य माणसांनी आपापल्या न्यायालयांत पुढे नेले.

दक्षिण आफ्रिकेतील आयरीन ग्रूटबूम यांचे उदाहरण मी कधी विसरू शकत नाही. मे १९९९ मध्ये त्यांच्या समूहाच्या झोपड्या बुलडोझरने पाडून जाळण्यात आल्या. ३९० प्रौढ आणि ५१० मुले अशी माणसे बेघर झाली आणि एका क्रीडांगणावर प्लास्टिकचे कापड डोक्यावर ओढून राहू लागली. तेथील संविधान न्यायालयाने ऑक्टोबर २०००मध्ये निकाल दिला की, सरकारची गृहनिर्माण योजना दूरच्या भविष्यासाठी कितीही चांगली असली, तरी आज ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी तिच्यात काहीच तरतूद नसेल, तर ती वाजवी ठरत नाही. हा निकाल जगभर अभ्यासला जातो. ग्रूटबूम स्वतः मात्र २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही झोपडीतच राहत होत्या. न्यायालयात जिंकल्यानंतरही अंमलबजावणीचा पाठपुरावा कोणी तरी करत राहावाच लागतो, हे त्यांच्यामुळे कळते आणि फार बोचते.

‘निधी नाही’ हे उत्तर तुम्हाला मिळेलच. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांना उघडी गटारे आणि घाणीबाबत नगरपालिकेने हेच सांगितले होते. १९८० मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सबब नाकारली आणि आरोग्य राखण्याचे वैधानिक कर्तव्य पैशाच्या टंचाईमुळे टळत नाही, असे बजावले.

याउलट दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतील फिरी भागातल्या पाच रहिवाशांनी आधी पैसे भरायच्या पाणीमीटरविरुद्ध आणि मोफत पाण्याच्या अपुऱ्या कोट्याविरुद्ध दावा केला, तो ते २००९ मध्ये हरले. प्रतिमाणशी रोज २५ लिटरचे धोरण तेथील संविधान न्यायालयाने वाजवी मानले. मला तो निकाल पटत नाही. तरीही दावा चालू असताना जोहान्सबर्ग शहराला आपले धोरण पुनःपुन्हा तपासून त्यात सुधारणा कराव्या लागल्या, आणि आकडा कशाच्या आधारे ठरला हे शपथेवर सांगावे लागले.

म्हणून अर्जात नुसते ‘पाणी द्या’ असे न लिहिता, आम्हाला आठवड्यातून एकदाच पाणी द्यायचे हे कोणत्या निकषावर ठरले, असे विचारा. अशा प्रश्नाला ‘उचित कार्यवाही’ हे उत्तर पुरत नाही.

उत्तर – चावडी

माझे मत थोडे वेगळे आहे. हा शब्द सर्वस्वी टाकून देऊ नका. राज्याच्या आतला स्वयंनिर्णय म्हणजे आपल्या जगण्यावर परिणाम करणारा निर्णय होताना आपण तेथे असणे, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या संतापाच्या मुळाशी मला हीच भावना दिसते. ओडिशातील नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. त्यासाठी कोणालाही देश सोडावा लागला नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिकांच्या सभांतून विकासकामांचा प्राधान्यक्रम ठरू लागला, तेव्हा सांडपाण्याच्या वाहिन्यांसारखी कामे वस्त्यांनी स्वतः वर आणली. तुम्हीही पाणी मागाच, पण पाण्याचे वाटप जेथे ठरते त्या बैठकीत जागाही मागा. ती मागणी वेगळ्या कागदावर असू द्या, म्हणजे एकीवर वाद झाला तरी दुसरी अडकणार नाही.

पाणवठा

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल ही उत्तरे मी शेजाऱ्यांना वाचून दाखवली. ल्युबिकॉनचा भाग ऐकून ते रागावले आणि ‘म्हणजे आपण बोलायचेच नाही का?’ असे म्हणाले. ग्रूटबूम यांचा भाग मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावला. शेवटी दोन कागद करायचे ठरले. पहिल्यात पाणीवाटपाचे वेळापत्रक कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषावर ठरवले याची लेखी माहिती मागितली आहे. दुसऱ्यात यापुढे ते ठरवताना वस्तीचे दोन प्रतिनिधी बैठकीत असावेत, अशी मागणी आहे.

हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली आणि तिने मला अस्वस्थ केले. पहाटे उठून पाणी भरतात त्या बहुतेक बायका, आणि माझ्या अकरा अर्जांपैकी एकावरही त्यांच्यातील एकीची सही नव्हती. बैठकीला जाणाऱ्या दोन प्रतिनिधींपैकी एक त्यांच्यातील असेल. दोन्ही कागद आज सकाळी नळावरच फिरवले. एकतीस सह्या झाल्या आहेत आणि उरलेल्या पुढच्या पाण्याच्या दिवशी होतील.