छिद्रित टोरसवरच्या साध्या बंद जिओडेसिक मोजताना आकडा ल² ऐवजी घातांकी का वाढतो?

वक्ररेषा
एका पृष्ठभागावरच्या, ल लांबीपर्यंतच्या, साध्या (स्वतःला न छेदणाऱ्या) बंद जिओडेसिक (ताणून आखूड केलेल्या वक्ररेषा) मोजायच्या आहेत. मॉड्युलर टोरस घेतला आहे: एक छिद्र, पूर्ण हायपरबोलिक (ऋण वक्रतेचं) मेट्रिक, मूलभूत गट म्हणजे अ आणि ब या दोन जनकांचा मुक्त गट, म्हणजे प्रत्येक बंद वाट अ, ब आणि त्यांच्या व्यस्तांचा एक शब्द. मॅट्रिक्स अशा: अ = (२ १ / १ १), ब = (२ −१ / −१ १). अ, ब, अब या तिन्हींचा ट्रेस (कर्णावरच्या संख्यांची बेरीज) ३ आणि कम्युटेटरचा (अ·ब·अ⁻¹·ब⁻¹) −२. म्हणजे इथपर्यंत सगळं जुळतं.

प्रोग्राम १२ अक्षरांपर्यंतचे सगळे संक्षिप्त शब्द (ज्यात अक्षर आणि त्याचं व्यस्त शेजारी नाहीत) बनवतो, चक्राकार फिरवून सारखे होणारे आणि एकमेकांचे व्यस्त असणारे शब्द एकच धरतो, आणि लांबी = २ × आर्ककॉश(|ट्रेस| ÷ २) या सूत्राने ल पर्यंतचे मोजतो. अपेक्षा होती ल² ची, पण वाढ सरळ घातांकी दिसते. ट्रेसवरून पुनरावृत्ती काढून टाकली तरी वळण तेच. साधे शब्द नेमके कसे गाळायचे? आणि हेच पुढे जीनस २ वर (दोन टोरस जोडून होणाऱ्या पृष्ठभागावर) करायचं असेल तर?

फेरीचं_झाड
तुमचा प्रोग्राम बरोबर चालतोय, फक्त मोजतोय भलतंच. तुमच्या यादीत सगळ्या बंद जिओडेसिक आहेत, स्वतःला छेदणाऱ्यासुद्धा, शिवाय अ², अ³ असे घातही. दिशा धरून मोजलं तर सगळ्यांची संख्या ई^ल ÷ ल या दराने वाढते, तेव्हा घातांकी वळण दिसणारच.

साध्या किती कमी असतात ते १० अक्षरी शब्दांवरच बघा. चक्राकार संक्षिप्त शब्द ३^१० + ३ = ५९०५२. फिरवणं आणि व्यस्त काढून टाकलं की ३००० च्या जरा खाली उरतात. त्यात साधे फक्त ८! कारण या टोरसवर प्रत्येक साध्या बंद जिओडेसिकला (प, फ) ही सहमूळ जोडी मिळते (अ आणि ब चिन्हासह किती वेळा येतात), (प, फ) आणि (−प, −फ) एकच. |प| + |फ| = १० असलेल्या सहमूळ जोड्या म्हणजे १-९, ३-७, ७-३, ९-१, आणि प्रत्येकी दोन चिन्हं. याच कारणाने वाढ वर्गाची येते: प्रतलात ल च्या प्रमाणात फुगणाऱ्या आकृतीतले सहमूळ बिंदू मोजायचे, दुसरं काही नाही. कोणत्याही मेट्रिकसाठी हे मॅकशेन आणि रिव्हिन यांनी १९९५ मध्ये दाखवलं. मेट्रिक बदललं की फक्त स्थिरांक बदलतो.

म्हणून शब्द बनवून गाळण्याच्या भानगडीत पडूच नका. अ, ब, अब यांच्या ट्रेसचं त्रिकूट (क्ष, य, झ) घ्या. ते क्ष² + य² + झ² = क्ष·य·झ पाळतं. एक बाजू बदलली की नवा ट्रेस = क्ष·य − झ. (३, ३, ३) पासून तिन्ही दिशांना जा, प्रत्येक पायरीला फक्त नव्याने आलेला ट्रेस मोजा, आणि तो २ × कॉश(ल ÷ २) च्या वर गेला की ती फांदी छाटा. मुळापासून दूर जाताना ट्रेस वाढतच जातो, म्हणून छाटणी सुरक्षित आहे. एकाच दिशेने गेलात (फक्त प, फ धन) तर आकडा कमी भरेल आणि वळण मात्र ल² चंच दिसेल, त्यामुळे ही गडबड आलेखावरून पकडता येत नाही.

ल = १० ला पडताळा:
ट्रेस ३ (लांबी १.९२५): ३ जिओडेसिक
ट्रेस ६ (३.५२५): ३
ट्रेस १५ (५.४०७): ६
ट्रेस ३९ (७.३२६): ६
ट्रेस ८७ (८.९३२): ६
ट्रेस १०२ (९.२५०): ६
एकूण ३०. पुढचा ट्रेस २६७, तो ११ च्या पलीकडे जातो.

ट्रेसला ३ ने भागलं की १, २, ५, १३, २९, ३४, ८९… या मार्कोव्ह संख्या येतात. झागिए यांच्या १९८२ च्या निकालानुसार म पर्यंतच्या मार्कोव्ह संख्या साधारण ०.१८०७ × (लॉग म)² असतात. इथे पहिल्या दोन सोडल्या तर प्रत्येक संख्येमागे ६ जिओडेसिक आणि लॉग म ≈ ल ÷ २, म्हणून अंदाज ०.२७१ × ल². ल = २० ला सूत्र १०८.४ देतं, प्रत्यक्ष मोजणी १०८. इतकं चपखल जुळणं हा योगायोग समजा, ल = ३० ला सूत्र २४४ म्हणतं आणि झाडातून २३४ मिळतात. तुलनेला, ल = २० पर्यंतच्या सगळ्या बंद जिओडेसिक (दिशा सोडून) सव्वा कोटीच्या आसपास आहेत.

ट्रेसवरून पुनरावृत्ती काढणं मात्र लगेच बंद करा. ट्रेस १५ च्या सहा जिओडेसिक सहा वेगळ्या जोड्यांच्या आहेत. ओळख जोडीवरून ठेवा, ट्रेसवरून नाही.

वक्ररेषा
झाड चालवलं, ३० आणि १०८ आले. एक शंका: हातात आधीच शब्दांची मोठी फाईल आहे. ट्रेसला ३ ने भाग जातो का एवढं बघून साधे शब्द वेगळे करता येतील का?

कस्पपाशी
नाही, ती चाळणी एकाच बाजूने चालते. अअबब चा ट्रेस ११, भाग जात नाही, म्हणजे तो साधा नक्कीच नाही. पण अ³ चा ट्रेस १८ आहे, भाग जातो, तरी शब्द घात आहे. भागाकार मार्कोव्ह संख्या आहे का हे बघितलं तरी पुरावा होत नाही.

शब्दावरूनच ठरवायचं तर असं: चक्राकार संक्षिप्त केल्यावर अ सगळीकडे एकाच चिन्हाचा हवा, ब सुद्धा. दोघांपैकी एक सुटासुटाच आला पाहिजे, आणि दुसऱ्याच्या सलग गटांची लांबी न किंवा न + १ एवढीच. मग अ^न·ब ला नवं अक्षर मानून तीच तपासणी पुन्हा. शेवटी एकच अक्षर एकदाच उरलं तर साधा. अअबअब: गट २ आणि १, अब = क धरलं की अकक, आणि ते अकक → एक गट → पास. अअबब पहिल्याच पायरीला बाद, कारण दोन्ही अक्षरं जोडीने येतात.

त्या फाईलबद्दल आणखी एक. अक्षरांची मर्यादा आणि लांबीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कम्युटेटर पॅराबोलिक (ट्रेस ±२, म्हणजे छिद्राभोवतीची फेरी) असल्यामुळे अ·(कम्युटेटर)^न चा ट्रेस जास्तीत जास्त न च्या प्रमाणात वाढतो. शब्द ४न अक्षरांच्या आसपास, लांबी मात्र २ लॉग न च्या घरात. म्हणजे १२ अक्षरांपाशी कापलेल्या यादीत छिद्राभोवती गुंडाळलेल्या कितीतरी आखूड जिओडेसिक आलेल्याच नाहीत, आणि 'सगळ्या बंद' म्हणून तुम्ही काढलेला आकडाही कमी आहे. साध्या जिओडेसिकना हा त्रास नाही. छिद्राभोवतीच्या २ लांबीच्या होरोसायकलच्या (छिद्राला वेढणाऱ्या वर्तुळाच्या) आत त्या शिरतच नाहीत, त्यामुळे अक्षरसंख्या आणि लांबी प्रमाणातच राहतात.

आणि दुसरा टोरस घेतलात तर सुरुवातीचं त्रिकूट आधी खाली उतरवा: सर्वांत मोठ्या झ च्या जागी क्ष·य − झ ठेवत जा, लहान होणं थांबेपर्यंत. सुरुवातीचं त्रिकूटच मर्यादेबाहेर असेल तर झाड पहिल्याच पायरीला छाटलं जाईल आणि उत्तर शून्य येईल.

सहा_छिद्रं
जीनस २ चं राहिलंच. मरियम मिर्झाखानी यांच्या २००८ च्या प्रमेयानुसार जीनस ग, छिद्रं न असतील तर घात ६ग − ६ + २न. टोरसला २, बंद जीनस २ ला ६. इथे सहमूळ जोडीसारखी सोपी यादी नाही. फ्लिपर, कर्व्हर ही पायथॉन पॅकेजेस आदर्श त्रिभुजीकरणावर (शिरोबिंदू छिद्रांवर असलेल्या त्रिकोणांवर) चालतात, त्यांना छिद्र लागतं. नुसतं एक छिद्र पाडून मोकळे झालात तर घात ८ होईल आणि प्रश्नच बदलेल.

त्याऐवजी हायपरएलिप्टिक इन्व्होल्यूशनने (पृष्ठभाग अर्धा फेरा फिरवणाऱ्या सममितीने) भागा. सहा छिद्रांचा गोल मिळतो, घात ६ च राहतो आणि साध्या वक्रांची जोडी एकास एक लागते: २ छिद्रांना वेढणारा वक्र = जीनस २ वरचा न विभागणारा (त्यावर कापलं तरी पृष्ठभागाचे दोन तुकडे होत नाहीत), ३-३ अशी वाटणी करणारा = विभागणारा. लांबीत मात्र घोळ होतो. २ छिद्रांवाल्याची वर जाऊन लांबी तेवढीच राहते. ३-३ वाल्याचा वरचा वक्र त्यावर दोनदा गुंडाळलेला असतो, म्हणून लांबी दुप्पट. मोजणीत हा फरक २⁶ = ६४ पट होतो.

गोलावर ३-३ आणि २-४ यांचं गुणोत्तर ४ : ३ आहे. ६४ ने भागलं की १ : ४८, म्हणजे लांब साध्या जिओडेसिकमध्ये विभागणाऱ्या एकामागे न विभागणाऱ्या ४८. जुन्या लिखाणात १ : ६ दिसेल, ती आकडेमोडीतली चूक होती आणि ती पुढे दुरुस्त झाली आहे. तुमच्या प्रयोगात ४ : ३ च्या जवळपास येत असेल तर दुप्पट लांबी धरायची राहिली आहे. घात ६ असल्यामुळे लहान ल ला गुणोत्तर बरंच हेलकावे खातं, पहिल्या काही शे वक्रांवरून काही ठरवू नका.