मदत हवी आहे: दोन दाढ्यांच्या मधल्या काळात वस्तऱ्याची धार टिकत नाही

नमस्कार.

माझ्याकडे मामांचा जुना जर्मन वस्तरा आहे. पात्यावर झोलिंगेनचा (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहराचा) शिक्का आहे, पात्याची रुंदी पाच अष्टमांश इंच, धारेची लांबी जेमतेम तीन इंच आणि मूठ काळ्या सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची आहे. मामा गेल्यानंतर तो पंधरा-वीस वर्षे कपाटात पडून होता. पुण्यातल्या माझ्या एका मित्राकडे हजारापासून बारा हजार ग्रिटपर्यंतचे (ग्रिट जितका जास्त तितके कण बारीक) धार लावायचे दगड आहेत. त्याने मे महिन्याच्या अखेरीस तो पाजवून दिला. मी अलिबागला राहतो आणि एक दिवसाआड दाढी करतो. पहिल्या सहा दाढ्या इतक्या सुरेख झाल्या की इतकी वर्षे आपण उगाच ब्लेडवर पैसे घालवले असे वाटले. सातव्या खेपेला हनुवटीखाली वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागला, आणि आता दहाव्या खेपेला तर ओठाच्या वरचा भाग मला नेहमीच्या रेझरनेच पुरा करावा लागला.

मी काय करतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे चूक कुठे आहे हे सांगणे आपल्याला सोपे जाईल. दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर तीस फेऱ्या घासतो. हा पट्टा म्हणजे माझा जुना कमरपट्टा आहे: दीड इंच रुंद, बकल खिडकीच्या गजाला अडकवलेले, दुसरे टोक डाव्या हातात. पात्याची पाठ पुढे आणि धार मागे, ही शिस्त मी पाळतो. दाढी झाल्यावर वस्तरा नळाखाली धुतो, टॉवेलने पुसतो, खोबरेल तेलाचा हात फिरवतो आणि मिटून बाथरूममधल्या पेल्यात उभा ठेवतो, रिव्हेटची (ज्या खिळ्यावर पाते फिरते त्याची) बाजू वर. इतकेच.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, पण तिचा अर्थ मला लागत नाही. धार सगळीकडे सारखी गेलेली नाही. मनगटावरचे केस मुठीकडच्या भागाने अजून सहज उडतात आणि तसा बारीक आवाजही येतो. टोकाकडचा साधारण एक इंच भाग मात्र केसांवरून मुकाट्याने घसरतो. ओळखीच्या सोनाराचे दहापट भिंग आणून पाहिले, तेव्हा टोकाजवळ धारेला लागून दोन तपकिरी ठिपके दिसले, मोहरीच्या दाण्याच्याही पुष्कळ लहान. बाकी धार डोळ्यांना सरळच दिसते.

लहानपणी आमच्या गावी ओटीवर येणारे न्हावीकाका धोकटीतून वस्तरा काढून आधी तळहातावर आणि मग चामड्याच्या तुकड्यावर दोन-चार वेळा फिरवत, आणि एवढ्यावर त्यांची अख्ख्या आळीची दाढी होई. त्यामुळे दर महिन्याला पुण्याची वारी करावी लागत असेल, हे मला पटत नाही. धार दाढीत जाते, पट्ट्यावर जाते, की पेल्यात उभ्या उभ्या जाते? आणि धारेसाठी पट्ट्याला लावतात ती हिरवी पेस्ट वापरून हे सुधारेल का? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

वस्तरा बाथरूममध्ये ठेवणे आजपासून बंद करा. जून-जुलैत कोकणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे साध्या कार्बन पोलादाने काय करावे? माझा वस्तरा स्वयंपाकघराच्या वरच्या फडताळात, औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात असतो. घरच्यांची कुरकुर असते, पण गंज नाही.

दुसरा प्रतिसाद

आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे निदान करणे सोपे आहे. माझ्या मते आपल्याकडे दोन वेगळी दुखणी एकाच जागी जमली आहेत.

पहिले दुखणे पट्ट्याचे. पट्टा दीड इंच आणि धार तीन इंच. आपण वस्तरा सरळ वर-खाली नेत असाल, तर एका वेळी अर्धीच धार चामड्यावर असते, आणि हाताच्या सवयीने तो अर्धा भाग मुठीकडचाच असतो. म्हणजे गेल्या दहा दाढ्यांत टोकाला बहुधा एकदाही पट्टा लागलेला नाही. अरुंद पट्ट्यावर वस्तरा तिरका न्यावा लागतो: सुरुवातीला मुठीकडचा भाग चामड्यावर ठेवायचा आणि पुढे नेता नेता वस्तरा बाजूला असा सरकवायचा, की फेरी संपताना टोक चामड्यावर असेल. परतताना तसेच. फेरीच्या शेवटी वस्तरा पाठीवर लोळवून उलटायचा. धारेवर उलटला की ती तिथल्या तिथे मुडपते आणि पट्ट्यालाही चीर जाते.

पट्ट्याचीच आणखी एक अडचण म्हणजे, खिडकीला टांगलेला कमरपट्टा मधे झोळ खातो. वस्तऱ्याचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरलेला असतो, आणि तो बहुतेक वस्तऱ्यांत सोळा-सतरा अंशांच्या आसपास येतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच सपाटीवर टेकली, तरच तो कोन राहतो. पट्टा सैल असेल किंवा हाताचा दाब जास्त असेल, तर चामडे धारेच्या मागून वर येते आणि धार गोल करते. अशी गोल झालेली धार भिंगातून छान चकचकीत दिसते आणि चेहऱ्यावर ओढते. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा जास्त दाब देऊ नका.

त्यातून कमरपट्ट्याच्या चामड्यावर रंगाचा आणि लाखेसारखा थर असतो. त्यावर वस्तरा नुसता घसरतो. मी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची तीन इंच रुंद आणि वीस इंच लांब पट्टी कापून घेतली. गुळगुळीत बाजू वर ठेवून ती रंधा मारलेल्या फळीवर चिकटवली. फळीवरच्या पट्टीला झोळ पडण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे शिकणाऱ्याला ती टांगत्या पट्ट्यापेक्षा बरी. शेजारी दुसऱ्या फळीवर मांजरपाट ताणून बसवला आहे. खळ पूर्ण जाईपर्यंत तो चार-पाच वेळा धुवावा लागला. दाढीपूर्वी कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या, आणि दाढीनंतर, पात्यातले उरलेसुरले पाणी टिपण्यासाठी, कापडावर दहा, हा माझा क्रम आहे. या दहा फेऱ्या पुष्कळ लोक गाळतात आणि माझ्या मते त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

आता दुसरे दुखणे, म्हणजे ठिपके. ते गंजाचे आहेत यात मला शंका वाटत नाही. मिटलेला वस्तरा आपण रिव्हेट वर करून उभा ठेवता, म्हणजे मुठीत शिरलेले पाणी खाली उतरते आणि मुठीच्या बंद टोकाशी साचते, आणि नेमके तिथेच पात्याचे टोक असते. टॉवेल मुठीच्या आत पोहोचत नाही. टिश्यू कागदाची घडी करून मुठीच्या आतून ओढा, पाते पाठीकडून धारेकडे पुसा, आणि वस्तरा तासभर उघडा ठेवा.

आपण विचारलेल्या मुख्य प्रश्नाबद्दल: दाढीतही धार जाते, पण आपण समजतो तशी नुसती झिजून नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या ब्लेडने दाढी करून धारेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. केस पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ असूनही, तो वाकून धारेला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची सूक्ष्म रचना एकसारखी नसली, की धारेचा कपचा उडतो, असे त्यांना दिसले. म्हणून केस गरम पाण्याने आणि फेसाने पुरेसे भिजवा, डाव्या हाताने त्वचा ताणून धरा, म्हणजे केस कमी वाकेल. आपल्या धारेवर तर गंजाने आधीच खड्डे पाडून ठेवले आहेत.

हिरवी पेस्ट सध्या नको. अर्ध्या मायक्रॉनचा शुद्ध क्रोमियम ऑक्साइड वेगळ्या पट्टीवर लावून दोन-तीन महिन्यांनी आठ-दहा फेऱ्या मारल्या, तर मंदावू लागलेली धार पुन्हा जागी होते, हे खरे. मात्र पॉलिशवाल्यांकडच्या हिरव्या वडीत मेण असते आणि पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाड कणही असतात. एकदा पेस्ट लावलेली पट्टी पुन्हा साधी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद वाचून लगेच कमरपट्टा तपासला. त्यावरची घासल्याची खूण खरोखरच एका कडेला आहे, आणि दुसरी कडा दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे. खोबरेल तेलाबद्दल कोणी काही बोलले नाही, ते चालेल का?

तिसरा प्रतिसाद

खोबरेल चालते, पण ते थंडीत थिजते, जुने झाले की चिकट होते आणि ती चिकटाई पट्ट्यावर जाते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दोन बोटांनी पात्यावर पसरा, आणि पुढच्या दाढीआधी पुसून मगच पट्ट्याला लावा.

आणखी एक शंका मांडतो. आपली मूठ सेल्युलॉइडची आहे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते, आणि मिटलेल्या वस्तऱ्याचा जो भाग मुठीच्या आत असतो, तो कितीही कोरडा ठेवला तरी गंजतो. पारदर्शक, कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांच्या मुठींत हे अधिक आढळते, काळ्या मुठींत कमी. मुठीवर बारीक भेगा आहेत का, आणि मिटलेला वस्तरा दोन दिवसांनी उघडल्यावर आंबूस उग्र वास येतो का, एवढे पाहा. नुसता कापराचा वास आला तर घाबरू नका. सेल्युलॉइड बनवतानाच त्यात कापूर घालतात. मूठ कुजत असेल, तर ती बदलण्याला पर्याय नाही, आणि तोवर वस्तरा उघडाच ठेवावा.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. मुठीला भेगा नाहीत आणि वास फक्त कापराचा आहे, त्यामुळे ती काळजी मिटली. पेल्याची जागा आता बैठकीच्या खोलीतल्या लाकडी पेटीने घेतली आहे. तीन इंची चामड्याची पट्टी फळीवर बसवली आणि मांजरपाटाचीही केली. दुसऱ्याच दिवशी घाईत वस्तरा धारेवर उलटला आणि नव्या चामड्याला नखाएवढी चीर पाडून घेतली. पॉलिश पेपरने ती कड घासून बसवली आहे. त्यानंतर आठ दिवस मी फेऱ्या इतक्या सावकाश मारल्या, की दाढीला वेळ कमी आणि पट्टीला जास्त लागला.

धारेचे म्हणाल, तर टोकाकडचा भाग आता मनगटावरचे केस उडवतो आणि आवाजही येतो, म्हणजे तो भाग बोथट नव्हता, त्याला पट्टाच मिळत नव्हता. फक्त त्या दोन ठिपक्यांच्या जागी अजून केस अडकतो. ठिपके पुसले गेले, पण भिंगाखाली तिथे धारेला दोन बारीक खाचा दिसतात, आणि पट्टीवर शंभर फेऱ्या मारूनही त्या हलल्या नाहीत. मित्राला फोनवर विचारले. तो म्हणाला की खाच दगडावरच निघेल, कारण ती काढायची तर सबंध धार तेवढी मागे न्यावी लागेल. गणपतीत तो अलिबागला येणार आहे, तेव्हा दगड सोबत आणेल. तोवर ओठाच्या वरचा भाग मी मुठीकडच्या अर्ध्या धारेने करतो आहे.